खंदकाकडच्या भिंतीवरचं अक्षर

वेर्डरिंकची गढी,
१८ जुलै १९५९

ती. थेक्लाताई हिस,
धाकट्या गुडुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावू नकोस म्हणून उपयोग नाही, तू रागावणारच. पण खरंच लेखणी हातात धरायला सवड नव्हती. इथे अजून पावसाचा थेंब नाही. बेर्केल नदी पोरं बूट न काढता ओलांडतात, आणि आपला खंदक इतका आटलाय की पुलाच्या कमानीखाली शेजाऱ्यांच्या शेळ्या चरतात. गावातली म्हातारी माणसं म्हणतात, असा उन्हाळा माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी पडला होता. तुला आठवत असेल.

लेओनहार्डने मात्र या उन्हाळ्याचं सोनं केलं. एरवी पाणी असतं तिथे पाय ठेवता येतोय म्हटल्यावर त्याने ट्रॅक्टर मागून आणला, गावातली माणसं जमवली आणि खंदकातला सगळा गाळ उपसून काढला. पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ, बाबांनीसुद्धा कधी हात लावला नव्हता. त्यात मातीच्या चिलमी निघाल्या, एक फुटकी घंटा निघाली, आणि डोकं नसलेली एक बाहुली. बाहुली तुझीच असणार, कारण माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या बाहुल्यांची डोकी तू आधीच काढून ठेवलेली असायचीस. हा गाळ आम्ही मागच्या बागेत पसरला आणि त्यात कोबी लावला. तसा कोबी सबंध पंचक्रोशीत नाही.

आणि घर काय दिसतंय म्हणून सांगू. उत्तरेकडची भिंत, जी सरळ पाण्यातून वर यायची, ती आता अगदी पायापर्यंत स्वच्छ आहे. विटा, पांढऱ्या दगडाचे पट्टे, आणि त्यांच्याखाली काळ्याभोर ओकच्या खांबांची डोकी ओळीने बसलेली. रविवारी चर्च सुटलं की लोक पुलावर उभे राहून बघतात. फादर म्हणाले, वेर्डरिंकने जन्मात पहिल्यांदा पाय धुतले.

आणखी एक बातमी. यंदाच्या नेमबाजीच्या जत्रेत लाकडी पक्षी लेओनहार्डने पाडला, म्हणजे वर्षभर तो गावाचा राजा आणि मी राणी. युद्धानंतर आलेल्या निर्वासितांपैकी राजा झालेला हा पहिलाच. मिरवणुकीत मी आईची चांदीची पिन लावली होती.

राजा झाल्यावर त्याला हुरूप आला आहे. घर सांभाळणाऱ्या जोडप्याच्या नावांची लोखंडी अक्षरं तुळयांच्या टोकांना बाहेरून अडकवून भिंत धरून ठेवायची आपली रीत. आईबाबांची पूर्वेला आहेत. आम्ही आमची दोघांची या शरदात उत्तरेच्या भिंतीवर लावावी म्हणतो, पुलावरून दिसतील अशी. तुझी हरकत नसेल असं धरून चालते.

हुगोभावजींना नमस्कार. खंदक आटला तरी तुझी माया आटू नये, एवढीच विनंती.

तुझी,
गुडुला

&nbsp;

म्युन्स्टर,
२७ जुलै १९५९

चि. गुडुला हिस,
तिसऱ्या मजल्यावरून अनेक आशीर्वाद. जिना उतरून येतील तेवढे.

राणीसाहेबांचं पत्र पोचलं. उशिराबद्दल मुळीच रागावले नाही. राज्यकारभारातून बहिणीला आठवायचं म्हणजे वेळ लागणारच.

आईची पिन तू लावलीस ते बरं केलंस. ती मला द्यायची असं आई म्हणत असे, पण तेव्हा तू जन्मली नव्हतीस, त्यामुळे तुला ते माहीत असायचं कारण नाही. उजव्या बाजूला लावलीस की डाव्या? आई डाव्या बाजूला लावायची. कोबी चांगला आला हेही वाचून बरं वाटलं. आमच्याकडे खिडकीतल्या कुंडीत कांद्याची पात आली आहे, हुगो रोज तिची पाहणी करतात.

जावईबापूंचं अभिनंदन सांग. नशीब काढलं माणसाने. मी लग्न करून गेले तेव्हा वेर्डरिंकची पोलमान झाले. ते लग्न करून आले आणि कुलिकचे वेर्डरिंक झाले. रीतच आहे आपल्याकडे, गढीत जो राहील त्याला गढीचं नाव. मी रीतीविरुद्ध एक शब्द बोलत नाही. पोस्टातल्या बायका मला विचारतात, ते राजे वेर्डरिंक तुमचे कोण? मी सांगते, लांबचे.

अक्षरांचं विचारलंस. अगं, हरकत घेणारी मी कोण? भिंत तुझी, नवरा तुझा, अक्षरं तुमची. माझं अक्षर इथे स्वयंपाकघराच्या दाराआड उभं आहे आणि हुगो त्यावर छत्र्या टांगतात. यंदा छत्र्यांना काम नाही, त्यामुळे तेही रिकामंच आहे.

मागच्या सफरचंदाच्या झाडाला कीड लागली होती, तिचं काय झालं? आलुबुखारचा मुरंबा करशील तर एक बरणी पाठव. गेल्या वर्षी साखर कमी पडली होती.

आशीर्वाद आहेतच, त्यांना काही वारस लागत नाही.

तुझी,
थेक्ला

&nbsp;

म्युन्स्टर,
२७ जुलै १९५९

ती. अपोलोनियाआत्या यांस,
थेक्लाचा शि. सा. न. वि. वि. गुडघे कसे आहेत? प्रार्थनेत माझं नाव घेत असाल तर आज दोनदा घ्या.

आत्ताच गुडुलाला पत्र लिहून बंद केलं. त्यात मी पिनेबद्दल लिहिलं, कोबीबद्दल लिहिलं, सफरचंदाच्या किडीबद्दलसुद्धा लिहिलं. जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही. म्हणून तुम्हांला लिहिते.

तिच्या नवऱ्याने खंदकातला गाळ काढला. पहाडी मुलखातला माणूस, त्याला पाणी म्हणजे वाहून जाणारी वस्तू. त्याला गाळ म्हणजे घाण वाटली. खांबांची डोकी उघडी पडली आहेत, ओळीने दिसतात म्हणून कौतुक चाललंय. तुम्हांला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि बाबांना ठाऊक होतं: ओक भिजलेला असेतो दगडासारखा राहतो. वाळला की तडकतो, आखडतो, आणि मग वरची भिंत बसते. पाणी आटलं तरी गाळ त्याला ओला ठेवतो. एकवीस सालच्या उन्हाळ्यात बाबा आणि मी होडीऐवजी फळीवर बसून त्या भिंतीच्या पायथ्याशी फिरलो होतो. जिथे गाळ भेगाळला होता तिथे बाबा ओली माती थापत आणि मला म्हणत, नीट बघून ठेव, हे पुढे तुला करायचं आहे. तेव्हा मी एकटी होते. घर माझं होतं.

त्याच वर्षी भिंत थोडी हलली, म्हणून बाबांनी तिथल्या मधल्या तुळईसाठी माझ्या नावाचं अक्षर घडवून घेतलं. पुढच्या ईस्टरला लावायचं ठरलं होतं. ईस्टरच्या आधी गुडुला जन्मली. आपल्याकडे गढी शेवटच्या मुलाची, त्यामुळे अक्षर पावाच्या भट्टीघरात पडून राहिलं आणि भिंतीत साधी सळई लागली. लग्नात मला गाय आणि तागाच्या चादरी देऊ केल्या, तेव्हा मी म्हटलं, मला ते लोखंड द्या. सासरी सगळे हसले.

घरातली मोठी बातमी मधमाश्यांना सांगायची आपली रीत; बाबा गेले तेव्हा ती सांगायला मी पेटीकडे निघाले, तर शेजारचे म्हातारे मला अडवून म्हणाले, हे घरच्या मालकिणीचं काम. मग गुडुला गेली. घराच्या किल्लीने पेटीवर टकटक केली आणि मालक गेले म्हणून सांगितलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून पाहत होते. ते मी विसरलेले नाही.

आता त्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचं अक्षर लागणार. आत्या, मला तिचा इतका हेवा वाटतो की कधीकधी घास गिळवत नाही. मी तिला गाळाचं सांगणार नाही. घर तिचं आहे ना, मग तिला माहीत असायला हवं.

तुम्ही रागावलात तरी लिहा. गप्प राहू नका, गप्प मीच पुरेशी आहे.

तुमची,
थेक्ला

&nbsp;

मठातून,
९ ऑगस्ट १९५९

चि. थेक्ला हिस,
म्हाताऱ्या आत्याचे शुभाशीर्वाद. गुडघ्यांचं विचारू नये, ते आता देवाच्या हवाली आहेत.

आमच्या मठाधिपतींचे डोळे अधू झाल्यापासून पत्रं कोणी वाचत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. तू वेर्डरिंक हे नाव असं उच्चारतेस जसं काही ते तुझ्या रक्तात आहे. ते कोणाच्याच रक्तात नाही.

गढी बांधली ती बिशपच्या चाकरीतल्या एका सरदाराने. वेर्डरिंक म्हणावं असा तो एकटा. त्याने नदीचं पाणी वळवून दोन बेटं केली, पुढच्यावर वेस, कोठार आणि गोठे, मागच्यावर घर, मध्ये उचलून घ्यायचा लाकडी पूल. त्याचा वंश लवकरच मुलीवर आला. तिने जकात गोळा करणारा नवरा केला, तो आत आला आणि वेर्डरिंक झाला. त्याच्या नातवंडांनी लढाईच्या काळात कुरणं घालवली, घोडे घालवले, आणि गढी एका डच कापडवाल्याकडे गेली. तोही वर्षभरात वेर्डरिंक. तुझी ती लाडकी उत्तरेची भिंत त्याची. नदीपलीकडच्या गढीवाल्याने नवा मनोरा बांधला, तो याला बघवेना. म्हणून याने पट्ट्यापट्ट्यांची, वळणदार माथ्याची भिंत सरळ पाण्यात उभी केली, समोरच्याला रोज दिसावी अशी. तेव्हा ती भिंत हेव्यावरच उभी आहे, खांब नंतरचे. कापडवाल्याच्या विधवेने तबेल्याच्या कारभाऱ्याशी लग्न लावलं. तो वेर्डरिंक. आणि आपण? माझे आजोबा या गढीवर खंदकाच्या पाण्याचं दार उघडायला आणि मिटायला ठेवलेले नोकर होते. नाव बूक. धन्याच्या मुलीशी त्यांचं जमलं, बोभाटा झाला, लग्न झालं. राजेसाहेबांना कुलिक म्हणून हिणवताना हे ध्यानात ठेव, बूकबाई.

आता माझं ऐक. तुझे बाबा माझ्याहून बरेच धाकटे. तो होईपर्यंत घर माझं होतं. तो पाळण्यात असताना एकदा मी त्याला कडेवर घेऊन पुलावर उभी राहिले आणि खाली पाण्याकडे पाहिलं. मनात काय आलं ते तुला सांगत नाही, ज्याला सांगायचं त्याला सांगून झालंय. मग तो रडायला लागला. त्याला भूक लागली होती, म्हणून मी त्याला आत नेलं. एवढंच झालं. त्यानंतर सारी वर्षं मी देवाच्या घरात काढली, आणि अजून कोणी त्या पुलाचं नाव काढलं की मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा हेवा जातो असं तुला मी सांगणार नाही.

मी गुडुलाला पत्र लिहिणार नाही. लिहायचं असेल तर तुझं तू लिही. दोघींच्या नावाने रोज मेणबत्ती लावते. तुझी जास्त धूर करते.

तुझी,
आत्या अपोलोनिया

&nbsp;

वेर्डरिंकची गढी,
२० सप्टेंबर १९५९

ती. थेक्लाताई हिस,
गुडुलाचा शि. सा. न. वि. वि. आज थट्टेचं पत्र नाही.

अक्षरं कुठे बसवायची ते बघायला लोहार शिडी घेऊन आला, आणि त्यालाच तडा पहिल्यांदा दिसला. उत्तरेच्या भिंतीत, खालच्या खिडकीपासून वर माथ्यापर्यंत. आठवड्याभरात त्यात बोट जाऊ लागलं, आता हात जातो. भिंत खंदकाकडे कलली आहे. मुलांना त्या बाजूच्या खोल्यांतून हलवलं. रात्री तुळया बोलतात. एकविसाच्या उन्हाळ्यानंतर बाबांनी लावलेली सळई मधोमध तुटून खाली पडली.

जिल्ह्याहून तपासणीला माणूस आला होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, आणि थंडीच्या आत भिंत उतरवून घ्या म्हणून सांगून गेला. भिंत उतरली की छप्पर उतरणार. मग उरतं काय, ताई? पुढच्या बेटावरचे गोठे. लेओनहार्ड दोन दिवस जेवला नाही. तो म्हणतो, माझं एक घर सोडून आलो, दुसरं माझ्या हाताने पाडलं. मी त्याला समजावते आणि मलाच रडू येतं.

लोहार म्हणतो, मधल्या तुळईच्या टोकाला लोखंडी पट्टी बाबांच्या वेळेपासून आहे, आणि तिचा डोळा, म्हणजे टोकाचं भोक, सळईसाठी केलेलाच नाही. कुठल्यातरी दुसऱ्याच जाड लोखंडासाठी केला आहे. ते आत गेलं तर पट्टी ताणून भिंत धरता येईल. तसलं जाड घडीव लोखंड आता त्याच्याच्याने होत नाही, आमची अक्षरं तो पातळ पट्टीची करणार होता. मला लगेच कळलं ते कुठलं लोखंड. तुझ्या दाराआडचं.

मागायला तोंड नाही. ते तू गायीच्या बदल्यात नेलंस, ते तुझं आहे. तुला हे वाचून थोडा आनंद होईल, तो होऊ दे. पण एक सांगते. तुला वाटतं मला सगळं मिळालं. बाबांनी तुला होडीत बसवलं, खांब दाखवले, पाण्याच्या खुणा शिकवल्या. माझ्या वाट्याला आले ते खोकणारे, थकलेले बाबा. मला त्यांनी काय शिकवलं? बाहेर जाताना टोपी घाल. मला घर मिळालं, ताई, आणि घराची माहिती तुला. माझा जीव जळत नसेल असं वाटतं तुला?

काय ते लवकर कळव. नाही म्हणालीस तरी बहीण म्हणून ठेव.

तुझी,
गुडुला

&nbsp;

म्युन्स्टर,
२३ सप्टेंबर १९५९

चि. गुडुला हिस, आशीर्वाद.

शनिवारी येते. तोवर भिंतीला कोणी हात लावायचा नाही, जिल्ह्याच्या माणसाने तर नाहीच. खांबांच्या डोक्यांवर ओली गोणपाटं टाक आणि ती वाळू देऊ नकोस. हे पत्र पुरतं वाचायच्या आधी टाक. बाबांचे उंच बूट भट्टीघराच्या माळ्यावर असतील ते काढून ठेव. उंदरांनी खाल्ले असले तरी चालतील.

हुगोंच्या छत्र्या जमिनीवर आल्या आहेत.

थेक्ला

&nbsp;

वेर्डरिंकची गढी,
८ नोव्हेंबर १९५९

ती. थेक्लाताई हिस,
गुडुलाचा शि. सा. न. वि. वि. सोबत मुरंब्याची बरणी आहे, साखर भरपूर.

तू गेल्यावर घर इतकं गप्प झालं की लेओनहार्ड दोनदोनदा मागे वळून बघायचा, कोणी ओरडत का नाही म्हणून. बाबांचे बूट घालून तू खंदकात उतरलीस, पायाने चाचपत एकेक खांब शोधलास आणि वर उभ्या सगळ्या गावाला फैलावर घेतलंस, ते लोक अजून सांगतात. फादरना तू म्हणालीस म्हणे की पाय धुण्याचं कौतुक चर्चमध्ये करावं, खंदकात करू नये. ते खाली मान घालून टोपली उचलायला आले. आणि माझा कोबी. गड्डे धरायला लागलेला कोबी उपटायला लावलास आणि गाळ जिथला तिथे परत नेऊन थापलास. तुझ्या तोंडावरचा आनंद मी पाहिला, नाकारू नकोस.

आता बातमी. तुझं अक्षर आत बसलं, लोहाराने रोज थोडी थोडी पट्टी ताणली आणि भिंत परत आली. पूर्ण नाही, वीतभर बाहेर आहे, पण उभी आहे. तडा चुन्याने भरला. जिल्ह्याचा माणूस येऊन पाहून गेला, भिंत उतरवायचं आता काढत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला. खंदक भरलाय, बदकं परत आली आहेत.

लेओनहार्डने आमची अक्षरं लावायचं रद्द केलं. मी आग्रह केला तर म्हणाला, त्या भिंतीला माझी जी ओळख झाली तेवढी पुरे. त्यामुळे उत्तरेला तुझं एकटीचंच अक्षर आहे. पुलावरून येताना समोर तेच दिसतं. लोक थांबून विचारतात हे कोणाचं, आणि मी रोज, दिवसातून कितीतरी वेळा, तुझं नाव सांगते. दूधवाल्याला सांगितलं. फादरच्या पाहुण्यांना सांगितलं. माझंच घर, आणि माझं नाव त्यावर कुठेही नाही. ताई, मला आता तुझा असा हेवा वाटतो की पुलावरून मान खाली घालून चालते.

आणि एक बोलूनच टाकते. जुलैत मी तुला गाळ काढल्याचं लिहिलं होतं. तुझं उत्तर मी पुन्हा काढून वाचलं. त्यात पिन आहे, कोबी आहे, कीड आहे, गाळाचा शब्द नाही. तुझ्यासारखी बोलकी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू आलीस, म्हणून मी भांडत नाही. पण मला कळलंय हे तुला कळावं.

शेवटच्या आजारात बाबा मला तुझ्या नावाने हाक मारायचे. रोज. थेक्ला, पाणी किती आहे बघून ये, असं. सुरुवातीला मी सांगायची, बाबा, मी गुडुला. मग सोडून दिलं. मी ओ द्यायची, पुलावर जाऊन पाणी बघायची आणि येऊन सांगायची. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण ऐकून तुला बरं वाटलं असतं, आणि ते मला नको होतं.

पाणी पुलाच्या दुसऱ्या दगडापर्यंत आहे. तुझा लोभही साधारण तेवढा असू दे.

तुझी,
गुडुला

&nbsp;

म्युन्स्टर,
१५ नोव्हेंबर १९५९

चि. गुडुला हिस,
अनेक आशीर्वाद. मुरंबा पोचला. साखर जास्त झाली आहे.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला. तू मान खाली घालून पुलावरून चालतेस, हे वाक्य मी हुगोंना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, दोघी बहिणी शोभता. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि बाबांच्या हाकेपाशी थांबले. त्यापुढचं वाचायला संध्याकाळ झाली.

गाळाचं तू म्हणतेस ते खरं आहे. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. सबंध ऑगस्ट पोस्टमन आला की मला दोन्ही वाटायचं, भिंत पडल्याचं पत्र असावं असं आणि नसावं असं. तुझं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा आधी जे वाटलं ते मी तुला कधीच सांगणार नाही. नंतर जे वाटलं ते घेऊन मी गाडीत बसले. आत्याला विचार, आपल्याकडे ही चाल जुनीच आहे. तू भांडली असतीस तरी चाललं असतं. खरं तर भांड, पुढच्या वेळी आले की भांड, मी आयते बूट घालूनच येते.

दाराआड भिंतीवर अक्षराची फिकट आकृती उमटलेली राहिली आहे. हुगो सवयीने तिथे छत्री टांगतात आणि ती पडते. मला त्या आवाजाचा राग येत नाही.

आता कामाचं. बाबांनी तुला माझ्या नावाने हाका मारल्या आणि तू ओ दिलीस. मी इथे होते, मला ओ देता आली नसती. पाणी बघून यायचं काम मला शिकवलं होतं, केलंस तू. म्हणून तुझं अक्षर घडवून घे. त्या लोहाराला जमत नसेल तर दुसरा शोध. माझ्या शेजारी लाव, तुळई तिथे आहेच. फक्त माझ्या अक्षराहून उंच लावायचं नाही. लागलं की एखाद्या रविवारी येऊन मी बघणार आहे.

आणि मधमाश्यांना सांगितलंस का? भिंतीत नवं अक्षर लागलं, घरात एवढी उलथापालथ झाली, आणि पेटीला कोणी काही सांगितलं नसणार. थंडीची त्या आत गोळा होऊन बसल्या असतील, तरी सांगायचं. किल्ली घेऊन जा, टकटक कर आणि सांग. मी यायची वाट बघू नकोस. ते मालकिणीचं काम आहे, तूच कर.

थोरल्या मुलीचं अक्षर लागलं, असं सांग. थोरल्या हा शब्द गाळू नकोस.

लोभाचं काही लिहीत नाही, तो तुझ्या पुलाच्या दगडाहून वर आहे.

तुझी,
थेक्ला